क्रिओल जेवणाची सायंकाळ : ज्येष्ठांसाठी भोजनगृह निवडताना

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आई-वडिलांची संख्या आता लहान राहिलेली नाही, आणि त्यांच्याबरोबर आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूपही पालटत चालले आहे. या पंधरवड्यातील पत्र अमेरिकेतील ह्यूस्टनहून आले आहे. पत्रलेखिका घरातील सूनबाई आहेत. सासूबाई ७६ वर्षांच्या, माहेरच्या मालवणच्या, मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्या. सासरे ८१ वर्षांचे. गुडघे दुखरे, कानाला श्रवणयंत्र, आणि गळ्यात तुळशीची माळ असल्याने पूर्ण शाकाहारी. दोन दिवसांसाठी न्यू ऑर्लिन्सला जायचे ठरले आहे. तेथील क्रिओल पद्धतीचे जेवण एकदा निवांत बसून जेवावे, अशी सासूबाईंची इच्छा आहे. मुलाचे म्हणणे असे की, औषधांचा एवढा पसारा असताना ही हौस कशाला; खोलीवरच खिचडी करू. सूनबाईंनी विचारले आहे : जावे का, आणि जायचे तर कोणत्या ठिकाणी?

जावे, हे उत्तर आधीच देऊन टाकतो. खिचडी ह्यूस्टनला परतल्यावरही मिळेल. पथ्य सांभाळणे म्हणजे प्रत्येक इच्छेला नकार देणे, असा समज काळजी घेणाऱ्यांच्या मनात नकळत रुजतो. ज्येष्ठ मंडळीही मग मुलांना त्रास नको म्हणून मागणे सोडून देतात. सासूबाईंनी तोंडाने मागितले आहे, ही गोष्ट लहान नाही. मात्र भोजनगृह निवडताना त्याचे नाव आणि कीर्ती हा प्रश्न शेवटी घ्यावा. आधी वेळ, मग बसण्याची जागा, मग ताट.

त्याआधी हे जेवण आहे तरी काय, ते पाहू. न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवले. पुढे काही दशके तेथे स्पेनची सत्ता होती आणि १८०३ मध्ये ते अमेरिकेकडे आले. फ्रेंच आणि स्पॅनिश घरांतील पाककृती, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी स्त्री-पुरुषांचे हात, मूळच्या आदिवासी जमातींचे जिन्नस आणि मेक्सिकोच्या आखातातील मासळी यांतून जो शहरी स्वयंपाक घडला, तो क्रिओल. पोर्तुगीज आणि कोकणी चुलींच्या संगतीतून गोव्याचा स्वयंपाक जसा घडला, तशीच ही गोष्ट. (मॉरिशसमधील मराठी वाचकांना ‘क्रिओल’ हा शब्द वेगळ्या अर्थाने परिचित असेल, तेथील भाषा आणि तेथील रुगाय हे निराळे प्रकरण.) याच राज्यात केजन नावाचा दुसरा स्वयंपाक आहे. १७५५ पासून कॅनडातून हुसकावलेल्या फ्रेंच भाषकांनी तो लुइझियानाच्या ग्रामीण भागात रुजवला. शहरातील भोजनगृहांत दोन्ही प्रकार एकाच यादीत सापडतात. ढोबळ मानाने क्रिओल पदार्थांत टोमॅटो आणि लोणी यांचा वापर सढळ असतो, हे लक्षात ठेवले तरी पुरे.

या स्वयंपाकाचा पाया म्हणजे कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. त्याच्या जोडीला ‘रू’. तेलात किंवा लोण्यात गव्हाचे पीठ मंद आचेवर परतत राहायचे, ते बदामी, मग तांबूस, मग चॉकलेटी होईपर्यंत. भाजणी कोणत्या क्षणी उतरवायची हे नाकाने ओळखणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे शिकवावे लागणार नाही. ‘गंबो’ हा दाट रस्सा याच पिठावर उभा राहतो. गंबो हे नावच मुळी भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलेले आहे. जी तार आपण भेंडी पुसून, चिंच किंवा आमसूल घालून घालवतो, तीच तार तेथे रस्सा दाट करण्यासाठी वापरतात. काही ठिकाणी त्याऐवजी ससाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड घालतात. ती चॉक्टॉ या आदिवासी जमातीची देणगी. कोळंबी, खेकडे, कोंबडी, डुकराच्या मांसाचे धुरावलेले सॉसेज यांपैकी काहीही, कधी सारेच, त्यात असते, आणि वर भाताचा लहानसा ढीग. सासूबाईंना हे परके वाटणार नाही.

आता वेळ. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स हे अंतर साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक आहे. मोटारीने साडेपाच-सहा तास, शिवाय मधले थांबे. पोहोचल्या दिवशी रात्री मोठ्या जेवणाचा बेत ठेवू नये. इतके तास पाय लोंबकळत बसल्यावर पावलांना सूज येते, गुडघे आखडतात आणि चित्तही थकलेले असते. त्या दिवशी लवकर झोपावे. दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी सायंकाळी साडेपाच ते सहा ही वेळ आधी ठरवून घ्यावी. तेथे साडेसातनंतर गर्दी दाटते, आवाज वाढतो, स्वयंपाकघरावर ताण येतो आणि ताट येण्यास उशीर होतो.

हा उशीर मधुमेही व्यक्तीच्या दृष्टीने केवळ कंटाळ्याचा नसतो. जेवणाआधीचे जलद इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि ताट पाऊण तास आलेच नाही, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घरी कुकरची शिट्टी ऐकून गोळी घेण्याची सवय असते. भोजनगृहात ती चालत नाही. ताट समोर आल्यावर औषध, हा क्रम आपल्या डॉक्टरांना विचारून प्रवासापूर्वीच निश्चित करावा. साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या पिशवीत नव्हे, खिशात असाव्यात. घाम, थरथर, अचानक आलेला चिडचिडेपणा दिसला, तर आधी साखर द्यावी आणि मग कारणांची चर्चा करावी.

ज्यांच्या घरातील ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांनी रात्रीचे जेवण हा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवस मावळताना अशा व्यक्तींची अस्वस्थता वाढते. त्यात अनोळखी जागा आणि मंद दिवे म्हणजे संकटाला निमंत्रण. न्यू ऑर्लिन्सच्या अनेक जुन्या भोजनगृहांत तेच पदार्थ दुपारीही मिळतात. काही ठिकाणी शनिवार-रविवारी सकाळी उशिराच्या जेवणाला जॅझ वादकही असतात. सूर्यप्रकाशात खाल्लेला गंबो कमी क्रिओल ठरत नाही.

जागेकडे वळू. फ्रेंच क्वार्टर हा शहराचा सर्वांत जुना भाग. १७८८ आणि १७९४ च्या आगींनंतर स्पॅनिश अमदानीत त्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी झाली. लोखंडी नक्षीचे सज्जे पाहायला सुंदर. पण पाहणाऱ्याची नजर वर असते आणि पायाखालचा पदपथ उखडलेल्या विटांचा, उंचसखल असतो. सासऱ्यांचे गुडघे लक्षात घेता मोटार थेट दारापर्यंत जाते की नाही, हे विचारूनच जागा ठरवावी. सेंट चार्ल्स मार्गावरील जुन्या हिरव्या ट्रामचे आकर्षण सर्वांनाच असते; तिच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. ट्राम डोळ्यांनी पाहावी आणि जेवायला मोटारीनेच जावे.

दूरध्वनीवर जागा राखून ठेवताना चार गोष्टी विचाराव्यात. प्रवेशद्वारी पायऱ्या किती? बसण्याची सोय तळमजल्यावर होईल काय? प्रसाधनगृह त्याच मजल्यावर आहे काय? आणि भिंतीलगतचा, स्वयंपाकघराच्या दारापासून व वादकांपासून दूर असा कोपरा मिळेल काय? यांतील तिसरा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. ज्यांना मूत्रल गोळी चालू आहे किंवा पुरःस्थ ग्रंथीचा त्रास आहे, त्यांच्यासाठी सायंकाळ सुखाची की धास्तीची, हे या एका उत्तरावर ठरते. जिना चढावा लागेल या भीतीने दिवसभर पाणीच न पिणारे आजोबा मी पाहिले आहेत, आणि दमट उन्हाळ्यात त्याचे परिणाम काय होतात हेही पाहिले आहे.

कोपऱ्याचे कारण श्रवणयंत्र. जुन्या भोजनगृहांच्या दालनांत फरशी, आरसे आणि उंच छत असते. आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि श्रवणयंत्र तो सारा इमानाने कानात ओतते. बोर्बन रस्त्यावरील ‘गॅलटवार्स’ हे १९०५ चे भोजनगृह अतिशय नावाजलेले. पण त्याची शुक्रवारची दुपार तिच्या गजबजाटासाठीच प्रसिद्ध आहे. तरुणांनी अवश्य जावे. सासऱ्यांची पाठ भिंतीकडे आणि घरच्यांचे चेहरे त्यांच्यासमोर उजेडात असावेत, म्हणजे ओठांच्या हालचालींवरूनही त्यांना बोलणे समजेल. बरोबर शाल असू द्यावी. बाहेर कितीही उकाडा असला तरी आतील वातानुकूलन बोचरे असते. पाण्यात अर्धा पेला बर्फ न सांगता येतो. दात संवेदनशील असतील तर ‘बर्फ नको’ असे आधीच सांगावे.

आणखी एक गोष्ट. वाढपी अनेकदा ज्येष्ठांकडे न पाहता सुनेला किंवा मुलाला विचारतो, यांना काय आणू? त्या वेळी उत्तर देण्याची घाई करू नये. आदल्या दिवशी घरीच फोनवर पदार्थांची यादी मोठ्या अक्षरांत उघडावी, प्रत्येक पदार्थ मराठीत समजावून सांगावा आणि सासूबाईंनी काय निवडले ते लक्षात ठेवावे. मंद दिव्याखाली बारीक अक्षरे वाचण्याची वेळच मग येत नाही, आणि वाढप्याला त्या स्वतः पदार्थाकडे बोट दाखवून सांगू शकतात.

ताटाचा विचार मिठापासून सुरू करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सुमारे एक चमचा. क्रिओल स्वयंपाकात सॉसेज खारट, मिश्र मसाल्यात मीठ, रश्शाच्या मूळ पाण्यातही मीठ. गंबो किंवा ‘जंबालाया’ (आपल्या पुलावाच्या जातीचा भात) सकाळीच मोठ्या भांड्यात शिजलेला असतो. त्यातून मीठ काढून घेता येत नाही. ‘मीठ कमी घाला’ ही विनंती तेथे निरर्थक ठरते. ती विनंती जो पदार्थ मागणीनंतर तव्यावर चढतो त्यालाच लागू पडते, म्हणजे भाजलेल्या माशाला. म्हणून गंबो मोठ्या वाडग्यात न घेता लहान ‘कप’ मागवावा, आणि मुख्य जेवण माशाचे ठेवावे. लोण्याचा सॉस बाजूला वेगळा द्या म्हटले की देतात. ‘ब्लॅकन्ड’ या नावाचा मासा मात्र मसाल्याच्या जाड थरात काळपट होईपर्यंत भाजलेला असतो; रक्तदाबाच्या रुग्णाने तो मुलाच्या ताटातील एक घास चाखावा, इतपत.

टेबलावर तिखट सॉसची बाटली हमखास असते. चव न पाहताच ती उपडी करण्याचा मोह आवरावा. तिच्यातही मीठ असते. ट्रेमे भागातील ‘डूकी चेज’ या भोजनगृहाच्या लीआ चेज यांची यासंबंधीची आठवण प्रसिद्ध आहे. बराक ओबामा त्यांच्याकडे जेवायला आले असता त्यांनी चव घेण्याआधीच गंबोत तिखट सॉस घातला, तेव्हा बाईंनी त्यांना तेथल्या तेथे फटकारले होते. आपल्याकडची कोणतीही आजी हेच करती. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या भोजनगृहात, वर्णभेदाचे कायदे असतानाच्या काळात, कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय नागरी हक्क कार्यकर्ते माडीवर एकत्र बसून जेवत आणि खलबते करीत. लीआबाई २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी वारल्या; अखेरच्या काळापर्यंत त्यांचे पाऊल स्वयंपाकघरात होते.

सासूबाईंसाठी माझी पहिली पसंती ‘श्रिंप क्रिओल’. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची आणि टोमॅटोच्या रश्शात शिजवलेली कोळंबी. लोण्याचा भार त्या मानाने कमी, चावायला मऊ. भात वेगळ्या वाटीत मागवावा, म्हणजे किती घ्यायचा ते त्यांच्या हाती राहते. पावाची टोपली आणि भात यांपैकी एकच. ‘एतुफे’ हा क्रॉफिशचा रस्सा चविष्ट खरा, पण लोण्यात निथळणारा. ज्यांना कवळीमुळे किंवा गिळण्याच्या त्रासामुळे मऊ अन्न लागते त्यांच्यासाठी ‘ग्रिट्स’ आहेत : मक्याच्या कण्यांची दाट पेज. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी टोमॅटो आणि राजमा यांतील पोटॅशियमबद्दल आपल्या आहारतज्ज्ञांना आधी विचारावे. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे पदार्थ एकाएकी भरपूर खाऊ नयेत.

कच्च्या कालवांविषयी मात्र मला कडक व्हावे लागेल. बर्फावर मांडलेली उघडी कालवे हा या शहराचा अभिमान आहे, आणि मालवणच्या माणसाला ती पाहून राहवणार नाही. आखाताच्या उबदार पाण्यातील कालवांत ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ हा जिवाणू असू शकतो. यकृताचा विकार, मधुमेह किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांच्या रक्तात तो शिरला, तर आजार प्राणघातक ठरू शकतो. लिंबू पिळल्याने किंवा तिखट सॉसने तो मरत नाही. मद्यानेही मरत नाही. नीट शिजवल्यानेच मरतो. त्यामुळे कालवे खायचीच असतील तर पूर्ण शिजलेली किंवा तळलेली खावीत. कच्ची खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत ताप, थंडी वाजणे, त्वचेवर फोड अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करीत न बसता थेट रुग्णालय गाठावे आणि कालवे खाल्ल्याचे सांगावे.

आता सासऱ्यांचा प्रश्न, जो खरोखर अवघड आहे. येथे शाकाहारी दिसणारा पदार्थ शाकाहारी असेलच असे नाही. सोमवारचा ‘रेड बीन्स अँड राइस’ म्हणजे चक्क राजमा-भात. सोमवार धुण्याचा दिवस, म्हणून रविवारच्या जेवणातील हॅमचे हाड घालून राजमा चुलीवर मंद शिजत ठेवायचा, अशी त्याची कथा. म्हणजे भांड्यात डुकराचे मांस आलेच. ‘गंबो झेर्ब’ या नावात हिरव्या पाल्यांचा निर्देश आहे, आपल्या ऋषीच्या भाजीसारखा. पण लीआ चेज यांच्या प्रसिद्ध कृतीत अनेक प्रकारचे मांस असे. फरसबीत बेकन, भेंडी-टोमॅटोत हॅम, वूस्टरशर सॉसमध्ये मासळी. ‘यात मांस आहे का’ एवढेच विचारले तर ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते, कारण रश्शाचे पाणी कशाचे आहे हे सांगणाऱ्याच्या मनातच येत नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा : यात मांसाचे किंवा मासळीचे पाणी, चरबी, हाड यांपैकी काही आहे का? आणि तो टेबलावर नव्हे, दोन दिवस आधी दूरध्वनीवर विचारावा. आगाऊ सांगितल्यास मोठी भोजनगृहे बहुधा भाज्यांचे वेगळे ताट करून देतात. जेथे उत्तर गुळमुळीत मिळेल ते ठिकाण, कितीही नामांकित असले तरी, या कुटुंबाने सोडावे. माळ घातलेल्या माणसाला नकळत मांस खाऊ घालणे हा पोटाच्या तक्रारीइतका लहान विषय नाही.

गोडाविषयी थोडक्यात. ब्रेड पुडिंगवर बहुधा व्हिस्कीचा सॉस असतो. ‘बनाना फॉस्टर’ हा १९५१ मध्ये ‘ब्रेनन्स’ भोजनगृहात जन्मलेला पदार्थ; रम ओतून टेबलाशेजारी पेटवतात, पण ज्वाळेने मद्याचा अंश पूर्ण जात नाही. धार्मिक कारणाने असो वा झोपेच्या गोळीमुळे, मद्य वर्ज्य असलेल्यांनी आधी विचारावे. मधुमेहींनी एक पुडिंग चौघांत घ्यावे. सकाळी ‘कॅफे द्यू मोंद’मध्ये बेन्ये खायला गेलात, तर त्यावर पिठीसाखरेचा डोंगर असतो, घास तोंडाजवळ नेताना श्वास आत घेतला की ठसका ठरलेला. ज्यांना गिळताना एरवीही ठसका लागतो त्यांच्यासाठी साखर झटकून द्यावी. चिकोरी घातलेली दुधाची कॉफी मात्र सासऱ्यांना आवडेल.

राहिले नाव. ऐसपैस जागा हवी असेल, तर गार्डन डिस्ट्रिक्टमधील फिरोजी रंगाच्या जुन्या वास्तूतील ‘कमांडर्स पॅलेस’ आणि १८४० पासून चालू असलेले, अनेक दालनांचे ‘अँट्वान्स’ या दोन ठिकाणी प्रथम चौकशी करावी. गाजावाजा नको, घरगुती क्रिओल चव हवी असेल तर ‘डूकी चेज’. तिन्ही ठिकाणच्या वेळा, पोशाखाचे नियम आणि वरचे चार प्रश्न दूरध्वनीवर पडताळून पाहावेत. जो सर्वांत नीट आणि शांतपणे उत्तरे देईल, त्याच्याकडे जावे.

जेवणाच्या दिवशी दुपारचे जेवण हलके ठेवावे. लोणचे, पापड, वेफर्स नकोत. पण रात्री जेवायचे आहे म्हणून दुपारी उपाशी राहू नये, आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नये. हृदयाची दुर्बलता असलेल्या ज्येष्ठांचे वजन दुसऱ्या सकाळी अवश्य करावे. एका दिवसात किलो-दीड किलोने वाढले, पायांवर सूज किंवा आडवे पडल्यावर धाप जाणवली, तर डॉक्टरांना कळवावे.

अमेरिकेतील ताटे मोठी असतात, निम्मे उरणारच. उरलेले अन्न डब्यात बांधून देतात आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. मात्र भात आणि कोळंबी दोन तासांच्या आत शीतकपाटात गेली पाहिजे, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर उष्मा असेल तर तासाभरात. जेवणानंतर नदीकाठी फेरफटका मारायचा असेल, तर डबा मोटारीत ठेवून जाऊ नये. आधी खोलीवर ठेवून यावा, किंवा मागवूच नये.